मातीच्या घरात यूडब्ल्यूबी चॅनल मोजताना: सांख्यिकी निर्देशक, पायरीपायरीने

वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी-पुलगावकडच्या जुन्या घराची आतली खोली डोळ्यांसमोर आणा. हातभर जाडीची मातीची भिंत, वर सागवानी फाटे आणि कवेलू, कोपऱ्यात धान्याची लोखंडी कोठी, मांडणीवर स्टीलची भांडी. दिवाळीनंतर भाव चढायची वाट पाहत आढ्यापर्यंत भरलेला कापूस. अल्ट्रा-वाइडबँड, म्हणजे यूडब्ल्यूबी लहरींची जी मानक मॉडेलं अभ्यासक्रमात शिकवतात, त्यांत घर आहे, ऑफिस आहे, कारखाना आहे. ही खोली नाही. त्यामुळे आपल्या भागात गोठ्यातल्या जनावरांचे टॅग, गोदामातल्या पोत्यांचा हिशेब किंवा जिनिंगमधल्या गाठींचा माग यूडब्ल्यूबीने ठेवायचा असेल, तर मोजमाप आपल्यालाच करावं लागेल.

हा लेख अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या आणि एम.टेक.च्या मुलामुलींसाठी आहे. प्रकल्प म्हणून चॅनल (पाठवणाऱ्या अँटेनापासून घेणाऱ्या अँटेनापर्यंत लहरीचं जे काही होतं ते) मोजायला घेतात, यंत्रातून आकडे येतात, आणि पुढे त्या आकड्यांचं काय करायचं इथे गाडी अडते. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढच्या प्रत्येक पायरीत ती येणार आहे: या विषयातला कोणताही निर्देशक एकटा उभा राहत नाही. "आरएमएस डिले स्प्रेड (प्रतिध्वनी वेळेत किती पसरले याचं माप) ५.५ नॅनोसेकंद" या वाक्याला बँडविड्थ, उंबरठा (ज्याखालचं सगळं गोंगाट समजून टाकायचं ती पातळी) आणि खोलीची त्या दिवशीची अवस्था सोबत नसेल, तर काही अर्थ नाही.

पहिली पायरी: बँडविड्थ ठरवा आणि तिची मर्यादा समजून घ्या

अमेरिकेच्या दूरसंचार नियामक एफसीसीने फेब्रुवारी २००२ मध्ये ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्‌झ हा पट्टा यूडब्ल्यूबीसाठी मोकळा केला आणि प्रत्येक मेगाहर्ट्‌झमागे उणे ४१.३ डीबीएम ही कमाल पातळी घातली. त्याच नियमांत व्याख्याही आहे: बँडविड्थ किमान ५०० मेगाहर्ट्‌झ, किंवा मधल्या फ्रिक्वेन्सीच्या किमान २० टक्के. भारतात कोणत्या पट्ट्यात किती शक्तीने लहर सोडता येते, हे दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगच्या चालू अधिसूचनेत पाहा. ते पाहिल्याशिवाय अँटेना जोडू नका.

बँडविड्थ जेवढी मोठी, तेवढ्या जवळजवळच्या दोन वाटा (लहर सरळ किंवा कशावर आपटून पोचते ते रस्ते) वेगळ्या दिसतात. सूत्र सोपं आहे: वेळेतला बारकावा म्हणजे एक भागिले बँडविड्थ. पूर्ण ७.५ गिगाहर्ट्‌झ वापरले तर ०.१३ नॅनोसेकंद, म्हणजे वाटेच्या लांबीत ४ सेंटिमीटरचा फरक कळतो. ५०० मेगाहर्ट्‌झमध्ये २ नॅनोसेकंद, म्हणजे ६० सेंटिमीटर. लहर एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते, हा एक आकडा पाठ करून ठेवा, बाकीचा हिशेब तोंडी होतो.

याचा परिणाम थेट निर्देशकांवर होतो. कोठीवरून आलेला प्रतिध्वनी आणि तिच्यामागच्या भिंतीवरून आलेला प्रतिध्वनी मोठ्या बँडविड्थमध्ये दोन वाटा म्हणून मोजले जातील, लहान बँडविड्थमध्ये एक. म्हणून वेगवेगळ्या बँडविड्थवर काढलेली "वाटांची संख्या" शेजारी-शेजारी मांडू नका. ती तुलना होत नाही.

दुसरी पायरी: यंत्र कोणतं आणि त्याच्या खोडी कोणत्या

दोन रस्ते आहेत. मोठ्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतून व्हेक्टर नेटवर्क ॲनालायझर (एकेक फ्रिक्वेन्सी पाठवून तिचं उत्तर मोजणारं यंत्र) मिळाला तर उत्तमच. ३.१ ते १०.६ गिगाहर्ट्‌झ, १६०१ बिंदू असा झाडा (स्वीप) घेतला तर दोन बिंदूंमधलं अंतर सुमारे ४.७ मेगाहर्ट्‌झ पडतं. एक भागिले तेवढं, म्हणजे २१३ नॅनोसेकंद, ही तुमच्या वेळेच्या खिडकीची लांबी. ६४ मीटरपेक्षा लांबची वाट या खिडकीत मावत नाही, ती गुंडाळून पुढच्या टोकाला येऊन बसते आणि खोटी वाट दिसते. घराच्या खोलीत ही लांबी पुरते. टिनाच्या लांबलचक शेडमध्ये लहर बराच वेळ इकडून तिकडे आपटत राहते, तिथे बिंदू वाढवा.

फ्रिक्वेन्सीतून वेळेत येण्यासाठी इन्व्हर्स फोरिअर रूपांतर घ्यायचं. त्याआधी विंडो, म्हणजे पट्ट्याच्या कडा हळूहळू दाबणारं वजन, लावा. विंडो न लावता केलं तर प्रत्येक ठळक वाटेच्या बाजूला उणे १३ डेसिबलचे खोटे कान उगवतात. हॅन विंडोने ते उणे ३१ पर्यंत खाली जातात, पण मोबदल्यात मुख्य शिखर सुमारे दुप्पट रुंद होतं. म्हणजे वर काढलेला ४ सेंटिमीटरचा बारकावा प्रत्यक्षात ८ च्या घरात जातो. अहवालात विंडोचं नाव लिहायलाच हवं.

कॅलिब्रेशन केबलसकट करा, अँटेना जोडायच्या टोकापर्यंत. यंत्र किमान अर्धा तास सुरू राहू द्या. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा ४५ च्या पुढे जातो आणि उन्हात पडलेल्या केबलचा फेज सरकतो, म्हणून सकाळी लवकर मोजा आणि शेवटी पुन्हा एकदा कॅलिब्रेशन तपासा. वीज वरखाली होत असेल तर मध्ये चांगला यूपीएस हवा. झाडा पूर्ण होईपर्यंत खोलीत काहीही हलता कामा नये, माणूससुद्धा.

दुसरा रस्ता स्वस्त आणि आपल्यासाठी जास्त खरा: डीडब्ल्यू१००० या यूडब्ल्यूबी चिपचं मॉड्यूल, सोबत साधा मायक्रोकंट्रोलर. ही चिप अंतर मोजण्यासाठी बनली आहे, पण तिच्या आतल्या ॲक्युम्युलेटर नावाच्या साठ्यातून चॅनलचा इम्पल्स रिस्पॉन्स (एका ठोक्याला खोलीने वेळेनुसार दिलेलं उत्तर) वाचता येतो. ६४ मेगाहर्ट्‌झच्या पल्स रिपिटिशन फ्रिक्वेन्सीवर (ठोक्यांच्या दरावर) १०१६ नमुने मिळतात, १६ वर ९९२. दोन नमुन्यांत जवळपास एक नॅनोसेकंद. प्रत्येक नमुना कॉम्प्लेक्स, दोन बाइट वास्तव भाग आणि दोन बाइट काल्पनिक.

या चिपच्या चार खोडी आधीच माहीत असल्या तर आठवडा वाचतो. पहिली, ॲक्युम्युलेटर वाचताना सुरुवातीला एक फालतू बाइट येतो. तो टाकला नाही तर पुढचे सगळे आकडे एका बाइटने सरकतात आणि प्रोफाइल म्हणजे नुसता गोंगाट दिसतो. दुसरी, नमुन्यांची उंची किती प्रिअॅम्बल चिन्हं (संदेशाच्या सुरुवातीची ठरावीक चिन्हं) साठवली यावर अवलंबून असते, म्हणून दोन मोजमापं तुलनेला घेण्याआधी प्रत्येक प्रोफाइलला त्या संख्येने भागा. तिसरी, पहिल्या वाटेचा निर्देशांक चिप स्वतः देते, पण त्याचे खालचे ६ बिट अपूर्णांकाचे असतात. ते पूर्णांक समजून वाचलं तर पहिली वाट चौसष्टपट लांब जाते. चौथी खोडी पाथ लॉसची (अंतराने सिग्नल किती घटतो त्याची), ती सहाव्या पायरीत सांगतो.

तिसरी पायरी: खोलीचा नकाशा आणि रोजनिशी

माझ्या मते या कामात सर्वांत दुर्लक्षित राहते ती हीच पायरी. मुलं यंत्रावर महिना घालवतात आणि खोलीवर दहा मिनिटं.

खोलीची लांबी-रुंदी-उंची, भिंतींची जाडी, दारं-खिडक्या, छप्पर कवेलूचं की टिनाचं, हे तर नकाशात येईलच. त्याशिवाय प्रत्येक धातूची वस्तू टिपा: कोठी, आलमारी, मांडणी, पलंग, पत्र्याची पेटी. कुलर लिहा, आणि त्यात पाणी आहे का, तो सुरू आहे का, तेही. कुलरचं पत्र्याचं अंग लहर परतवतं, ओल्या जाळ्या ती शोषतात, आणि फिरणारा पंखा चॅनल स्थिर राहू देत नाही. मी एकदा एका खोलीचं पूर्ण दिवसाचं मोजमाप याच कारणाने टाकून दिलं. घरच्यांनी माझी दया येऊन मधेच कुलर लावला होता, आणि कोणत्या बिंदूपासून लावला ते मी लिहिलं नव्हतं.

घरच्या माणसांशी बोला. तारा-डबे घेऊन कोणाच्या घरात शिरायचं तर परवानगी आणि समजावणं दोन्ही आपलं काम आहे, आणि त्या बोलण्यातून जे कळतं ते कोणत्याही यंत्रातून कळत नाही. एका घरी म्हातारी आजी दारात बसून बराच वेळ पाहत होती.

"कायले फिरवून राहिला रे बाप्पा ते डबडं?"

"आजी, भिंतीतून लहर कशी पार जाते, ते पाहून राहिलो."

"मंग आज कायले पाहतं? भिंत वली हाय ना अजून. कालच पोतेरा मारला म्या."

पोतेरा, म्हणजे भिंतीला दिलेला ओल्या मातीचा हात, वाळायला दोन दिवस लागतात. त्या दोन दिवसांत भिंतीतलं पाणी वेगळं, म्हणून लहरीचा ऱ्हास वेगळा आणि उशीरही वेगळा. माझ्या नोंदवहीत "भिंत: माती, ४५ सेंमी" एवढंच होतं. तेव्हापासून ओल हा स्वतंत्र रकाना आहे.

उशिराचा हिशेब करून पाहा. कोरड्या मातीचा सापेक्ष डायइलेक्ट्रिक स्थिरांक ४ धरला, तर लहरीचा भिंतीतला वेग निम्मा होतो. ४५ सेंटिमीटर भिंत ओलांडताना ती हवेतल्यापेक्षा दीड नॅनोसेकंद उशिरा पोचते, म्हणजे अंतर मोजणारं यंत्र ४५ सेंटिमीटर जास्त दाखवतं. भिंत ओली झाली की स्थिरांक वाढतो आणि चूकही वाढते. ती पावसाळ्यात एक असेल, उन्हाळ्यात दुसरी.

बिंदू कसे निवडायचे? दोन पातळ्यांवर. मोठ्या पातळीवर खोलीत आणि शेजारच्या खोल्यांत पसरलेल्या जागा, जवळच्या आणि लांबच्या, समोरासमोरच्या आणि भिंतीआडच्या. यातून पाथ लॉस आणि शॅडोइंग (सारख्याच अंतरावर आडोशांमुळे पडणारा फरक) निघतं. लहान पातळीवर त्या प्रत्येक जागी ७ गुणिले ७ ची चौकट, बिंदूंमध्ये ५ सेंटिमीटर. ३.१ गिगाहर्ट्‌झला अर्धी तरंगलांबी साधारण तेवढीच येते, म्हणून शेजारचे बिंदू एकमेकांची नक्कल राहत नाहीत. प्लायवूडच्या तुकड्यावर पेन्सिलीने चौकट आखून ती लाकडी तिपाईवर ठेवली की काम होतं. लोखंडी स्टूल वापरू नका.

चौथी पायरी: उंबरठा

इथे जरा थांबू, कारण बहुतेक चुकीचे निकाल इथेच तयार होतात.

इम्पल्स रिस्पॉन्सच्या प्रत्येक नमुन्याच्या मापाचा वर्ग केला की पॉवर डिले प्रोफाइल मिळतं. ४९ बिंदूंची सरासरी काढायची ती या पॉवरची, डेसिबलची नाही. आधी सगळ्या प्रोफाइलांची पहिली वाट शून्यावर आणून ठेवा, मग सरासरी घ्या. नाहीतर शिखरं एकमेकांवर न बसता पसरतील आणि डिले स्प्रेड विनाकारण फुगेल.

आता पहिल्या वाटेच्या आधीचे नमुने पाहा. तिथे लहर पोचलेलीच नाही, म्हणजे जे दिसतं तो निव्वळ गोंगाट. त्याची सरासरी काढा. उंबरठा दोन अटींनी ठरवा: गोंगाटाच्या सरासरीपेक्षा निदान १० डेसिबल वर, आणि सर्वांत उंच शिखरापासून ठरावीक डेसिबल खाली, म्हणजे २० किंवा ३०. दोन्हींपैकी जो वर असेल तो घ्या. त्याखालचे सगळे नमुने शून्य.

हे का, ते एका छोट्या हिशेबात पाहू. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा पाच वाटा आहेत: ० नॅनोसेकंदाला पॉवर १, ४ ला ०.५, १० ला ०.२, १८ ला ०.१ आणि ३० ला ०.०२. पॉवरची बेरीज १.८२. प्रत्येक पॉवर गुणिले तिचा उशीर, यांची बेरीज ६.४. भागाकार ३.५ नॅनोसेकंद, हा सरासरी जादा उशीर. पॉवर गुणिले उशिराचा वर्ग, यांची बेरीज ७८.४, भागिले १.८२ म्हणजे ४३.१. त्यातून सरासरीचा वर्ग १२.४ वजा केला की ३०.७, त्याचं वर्गमूळ ५.५ नॅनोसेकंद. हा आरएमएस डिले स्प्रेड.

आता उंबरठा शिखरापासून १५ डेसिबल खाली ठेवा. शेवटची वाट उणे १७ वर आहे, ती गळते. तिच्यात एकूण ऊर्जेचा जेमतेम एक टक्का होता. तरी डिले स्प्रेड ५.५ वरून ४.८ वर येतो, कारण उशिराचा वर्ग होतो आणि लांबच्या वाटेचं वजन त्यामुळे तिच्या ऊर्जेपेक्षा कितीतरी जास्त पडतं.

आणि उंबरठा लावलाच नाही तर? ३० ते २३० नॅनोसेकंदांत २०० नमुने, प्रत्येकात ०.०००५ एवढा गोंगाट, म्हणजे शिखरापासून ३३ डेसिबल खाली. डोळ्यांना दिसणारही नाही इतका. तोच हिशेब पुन्हा केला की डिले स्प्रेड ३१.५ नॅनोसेकंद येतो. खोली तीच, वाटा त्याच, आणि आकडा जवळपास सहापट.

म्हणून तुमच्या खोलीचा डिले स्प्रेड कोणी विचारला तर उंबरठ्यासकट सांगा. आणखी चांगलं म्हणजे १५, २०, २५ आणि ३० डेसिबल अशा चार उंबरठ्यांवर काढून तक्ताच द्या. आकडा हळूहळू वाढत जाऊन स्थिरावला तर तो खोलीचा आहे. वाढतच राहिला तर तो गोंगाटाचा आहे.

पाचवी पायरी: उशिराचे निर्देशक

सरासरी जादा उशीर आणि आरएमएस डिले स्प्रेड वर काढलेच. त्यांच्यासोबत दोन मोजण्या ठेवा. एक, शिखरापासून १० डेसिबलच्या आत किती वाटा आहेत. दुसरी, ८५ टक्के ऊर्जा गोळा करायला सर्वांत ठळक वाटांपासून सुरुवात करून किती वाटा लागतात. वरच्या उदाहरणात पहिली ४ येते, दुसरी ३. रिसिव्हर बनवणाऱ्यासाठी दुसरा आकडा सोन्यासारखा आहे, कारण रेक रिसिव्हरला (अनेक वाटांची ऊर्जा गोळा करणाऱ्या रिसिव्हरला) किती बोटं, म्हणजे शाखा, द्यायची ते त्यावरून ठरतं.

ताडून पाहायला आयट्रिपलई ८०२.१५.३ए गटाची मॉडेलं आहेत. ४ मीटरच्या आत, समोरासमोर असताना तिथे आरएमएस डिले स्प्रेड ५.२८ नॅनोसेकंद आहे. तेवढ्याच अंतरात आडोसा असताना ८.०३. ४ ते १० मीटर आडोशासह १४.२८. शेवटचं मॉडेल मुद्दाम कठीण, २५ नॅनोसेकंदांचं केलेलं आहे. मातीच्या भिंतींच्या लहान खोलीत तुमचा आकडा यापेक्षा कमी येण्याची शक्यता बरीच, कारण जाड माती लहर शोषते आणि प्रतिध्वनी लवकर मरतात. टिनाच्या शेडमध्ये उलट, पत्रा जवळपास सगळी ऊर्जा परत फेकतो. पण ही अपेक्षा आहे, निकाल नाही. आकडा अपेक्षेशी जुळला नाही तर आधी उंबरठा तपासा, मग यंत्र, आणि दोन्ही ठीक असेल तर खोलीवर विश्वास ठेवा.

कोहरन्स बँडविड्थ (जेवढ्या पट्ट्यात चॅनल साधारण सारखाच वागतो ती रुंदी) हवी असेल तर एक भागिले पाचपट डिले स्प्रेड हा ढोबळ अंदाज चालतो. ५.५ नॅनोसेकंदांना सुमारे ३६ मेगाहर्ट्‌झ. पण तो अंदाजच आहे. ॲनालायझरचा डेटा हातात असेल तर फ्रिक्वेन्सीतला सहसंबंध थेट काढा.

सहावी पायरी: पाथ लॉस आणि शॅडोइंग

डेसिबलमधला पाथ लॉस म्हणजे १ मीटरवरचा लॉस, अधिक १० गुणिले घातांक गुणिले अंतराचा लॉगरिदम. अंतराचा लॉग आडव्या अक्षावर आणि पाथ लॉस उभ्या अक्षावर मांडून सरळ रेषा बसवा. उताराला १० ने भागलं की घातांक. रेषेपासूनच्या फरकांचं प्रमाण विचलन म्हणजे शॅडोइंगचा सिग्मा.

८०२.१५.४ए च्या मॉडेलमध्ये राहत्या घरासाठी समोरासमोर घातांक १.७९ आणि सिग्मा २.२२ डेसिबल, आडोशाला ४.५८ आणि ३.५१ आहेत. घातांकाचा अर्थ असा लावा: अंतर दुप्पट केलं की पहिल्या स्थितीत ५.४ डेसिबल जातात, दुसऱ्या स्थितीत १३.८. मोकळ्या हवेत ६ जातात. घरात समोरासमोर मोकळ्या हवेपेक्षाही कमी का? भिंती आणि जमिनीवरून परतलेल्या लहरीही बेरजेत येतात म्हणून.

इथे नेहमीची चूक म्हणजे सगळे बिंदू एकाच रेषेत घालणं. समोरासमोरचे बिंदू जवळचे असतात, भिंतीआडचे लांबचे. एकत्र रेषा बसवली की भिंतीचा लॉस अंतराच्या खात्यात जमा होतो आणि घातांक फुगतो. वेगळ्या रेषा बसवा. जमलं तर मातीच्या भिंतींची संख्या हा स्वतंत्र चल घ्या. आपल्या घरांत ओसरी, माजघर, स्वयंपाकघर असं एकामागे एक असतं, त्यामुळे एक भिंत, दोन भिंती असे बिंदू सहज मिळतात.

आता चिपची चौथी खोडी. डीडब्ल्यू१००० मध्ये मिळालेली पॉवर अशी काढतात: चॅनल रिस्पॉन्सच्या पॉवरचा रजिस्टरमधला आकडा गुणिले २ चा १७ वा घात, भागिले प्रिअॅम्बल संख्येचा वर्ग, त्याचा लॉग गुणिले १०, आणि त्यातून एक स्थिरांक वजा. तो १६ मेगाहर्ट्‌झच्या पल्स रिपिटिशन फ्रिक्वेन्सीला ११३.७७ आणि ६४ ला १२१.७४. सूत्र बरोबर आहे, पण पॉवर उणे ८५ डीबीएमच्या वर गेली की चिपचा अंदाज खऱ्यापेक्षा कमी येऊ लागतो. म्हणजे जवळच्या बिंदूंवर सिग्नल आहे त्यापेक्षा कमजोर दिसतो, तिथला पाथ लॉस जास्त दिसून रेषेचं डावं टोक वर उचललं जातं, आणि घातांक खऱ्यापेक्षा लहान येतो. जवळचे बिंदू घेताना मध्ये ॲटेन्युएटर लावा आणि त्याचे डेसिबल हिशेबात परत मिळवा. नाहीतर ते बिंदू रेषेतून वगळा आणि वगळल्याचं लिहा.

सातवी पायरी: लहान पातळीवरचा चढउतार

४९ बिंदूंवर एकाच उशिराची पॉवर घेतली तर ती वरखाली होते. अरुंद पट्ट्याच्या रेडिओत हा चढउतार रॅले वितरणाचा असतो, कारण एकाच वेळी असंख्य वाटा मिसळतात. यूडब्ल्यूबीमध्ये बारकावा इतका की वेळेच्या एका खणात दोन-चारच वाटा येतात, पुरेशी मिसळण होत नाही, आणि रॅले बसत नाही. म्हणून नाकागामी किंवा लॉगनॉर्मल तपासतात. नाकागामीचा एम काढायला सोपा आहे: पॉवरच्या सरासरीचा वर्ग भागिले पॉवरचं व्हेरिअन्स. एम १ च्या जवळ आला तर रॅले. १ पेक्षा बराच मोठा आला तर चढउतार कमी, म्हणजे त्या खणात एखादी ठळक वाट आहे. पहिल्या खणात एम मोठा आणि पुढे लहान, असं चित्र समोरासमोरच्या बिंदूंवर दिसलं तर ते सरळ वाटेचं लक्षण समजा.

कोणतं वितरण चांगलं बसतं हे ठरवायला बरेच जण कोल्मोगोरोव्ह-स्मिर्नोव्ह चाचणी लावतात आणि पुस्तकातल्या तक्त्यावरून "पास" म्हणतात. तो तक्ता वितरणाचे पॅरामीटर आधीच माहीत असतात तेव्हाचा आहे. तुम्ही एम त्याच डेटातून काढला असेल तर तक्ता लागू होत नाही, चाचणी जवळपास सगळंच पास करते. बूटस्ट्रॅपने (पुन्हापुन्हा नमुने काढून) सीमा स्वतः काढा, किंवा अकाइके निकषाने दोन-तीन वितरणांची एकमेकांशी तुलना करा.

सालेह-व्हालेन्झुएला मॉडेलबद्दल थोडंच. १९८७ साली त्यांनी दाखवलं की वाटा झुबक्यांनी येतात: झुबक्यांचा एक दर, झुबक्याच्या आतल्या वाटांचा दुसरा, आणि दोन्हींचा वेगवेगळा ऱ्हास. त्यांच्या ऑफिस इमारतीत झुबक्यांचा ऱ्हास ६० नॅनोसेकंदांचा होता आणि आतल्या वाटांचा २०. दहा बाय बाराच्या मातीच्या खोलीत तुम्हाला कदाचित एकच झुबका दिसेल. तसं असेल तर तसंच लिहा. डोळ्यांनी जबरदस्तीने तीन झुबके शोधून चार पॅरामीटर काढले की ते खोलीचे राहत नाहीत, काढणाऱ्याचे होतात.

आठवी पायरी: समोर आहे की आडोशाला, हे आकड्यांवरून ओळखणं

टॅगचं ठिकाण शोधताना हीच गोष्ट सर्वांत कामाची. पहिल्या वाटेच्या जवळच्या तीन नमुन्यांची पॉवर आणि एकूण मिळालेली पॉवर, यांच्यातला फरक काढा. चिप बनवणाऱ्यांचा ढोबळ नियम: फरक ६ डेसिबलपेक्षा कमी तर बहुधा समोरासमोर, १० पेक्षा जास्त तर बहुधा आडोसा. मधलं धूसर.

त्याला कर्टोसिसची जोड द्या. रिस्पॉन्सच्या मापांचा कर्टोसिस मोठा आला तर ऊर्जा एका टोकदार शिखरात साठली आहे, म्हणजे सरळ वाट मोकळी. लहान आला तर ऊर्जा पसरली आहे. मात्र खिडकीची लांबी प्रत्येक वेळी सारखीच घ्या, पहिल्या वाटेपासून १०० नॅनोसेकंद म्हटलं तर सगळीकडे १००. खिडकी बदलली की कर्टोसिस बदलतो.

आणि ६ व १० च्या या सीमा आपल्या खोलीत पुन्हा ठरवा. जाड मातीची भिंत मध्ये आली तर पहिली वाट दबते, पण प्रतिध्वनीही दबतात. दोन्ही सारखे खाली गेले तर फरक ६ च्या आतच राहतो आणि यंत्र आडोशाला समोरासमोर म्हणतं. वर काढलेली ४५ सेंटिमीटरची चूक मग बिनबोभाट अंतरात शिरते. ज्ञात जागांवर दोन्ही स्थितींचे आकडे घ्या, दोन हिस्टोग्राम एकावर एक काढा, आणि ते कुठे वेगळे होतात ते पाहून सीमा ठरवा.

नववी पायरी: निकाल कसा लिहायचा

प्रत्येक निर्देशकासोबत किमान एवढं हवं: फ्रिक्वेन्सीचा पट्टा आणि बँडविड्थ, विंडो, उंबरठा दोन्ही अटींसह, बिंदूंची संख्या, अँटेनाची उंची आणि प्रकार, आणि खोलीची अवस्था. सरासरीसोबत पसारा द्या, जमल्यास संचयी वितरणाचा आलेखच द्या. कच्चा डेटा जपून ठेवा, कारण पुढच्या वर्षीचा विद्यार्थी वेगळा उंबरठा लावून पाहणार आहे.

माझ्या वहीतल्या एका पानाचा नमुना, आकड्यांच्या जागा रिकाम्या ठेवून:

"माजघर, समोरासमोर, जागा ३. पट्टा ६.५ गिगाहर्ट्‌झभोवती ५०० मेगाहर्ट्‌झ. उंबरठा: शिखरापासून २० डेसिबल आणि गोंगाटापेक्षा १० डेसिबल वर. ४९ बिंदू. अँटेना जमिनीपासून १.२ मीटर. भिंत कोरडी, पोतेरा झाल्याला नऊ दिवस. कोठी अर्धी भरलेली, ज्वारी. कुलर बंद, टाकी रिकामी. कापूस उत्तरेच्या भिंतीला, छातीइतका. खोलीत कोणी नाही. सरासरी जादा उशीर __, आरएमएस __, १० डेसिबलच्या आत __ वाटा, ८५ टक्क्यांना __ वाटा."

हेच पान त्याच जागी, त्याच उंबरठ्याने वर्षातून तीनदा भरा: मे महिन्यात, पोळ्याच्या सुमारास भिंती ओल धरून असताना, आणि दिवाळीनंतर खोली कापसाने भरली की. चौथी खेप कापूस गाडीत भरून बाजारात गेला त्याच दिवशी, खोली झाडायच्या आधी घ्या.